घाटाला रंग नको, चुना हवा
कृष्णाकाठच्या विश्वस्तांना, सरपंचांना आणि नगरसेवकांना खुले पत्र

कृष्णाकाठच्या मंदिरांचे विश्वस्त, गावोगावचे सरपंच आणि नगरपालिकांचे सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

परवा कृष्णेच्या एका घाटावर गेलो होतो. गावाचे नाव लिहीत नाही, कारण हे पत्र एका गावाविरुद्ध नाही. घाटाच्या तोंडाशी नवा फलक लागला होता, 'घाट सुशोभीकरण'. खाली निधीचा आकडा, त्याखाली हात जोडलेले चार चेहरे. मागे ट्रॉलीतून सिमेंटच्या गोण्या उतरत होत्या आणि दोन पोरे ग्राइंडर लावून पायरीवरचे शेवाळ खरवडत होती. शेवाळाबरोबर टाकीचे घावही जात होते. अडीचशे वर्षांपूर्वी कोणा पाथरवटाने पाय घसरू नये म्हणून मुद्दाम ठेवलेला तो खडबडीतपणा. पोरांचा दोष नाही. त्यांना 'घासून चकाचक करा' एवढेच सांगितले होते.

मी त्यांना थांबवायला गेलो आणि मध्येच गप्प बसलो, कारण तीस वर्षांपूर्वी अशाच एका घाटावर मीच उभा होतो, हातात मोजमाप पुस्तिका घेऊन.

तेव्हा मी कनिष्ठ अभियंता होतो. नवी नोकरी, मार्चअखेर, आणि एका लहान गावच्या घाटाच्या दुरुस्तीचे काम. घाटाचे सांधे रिकामे झाले होते, दोन-चार चिरे हलत होते. मी अंदाजपत्रकात सिमेंटचे पॉइंटिंग धरले. तेव्हा दुसरे काही असते हेच माहीत नव्हते. कॉलेजात चुन्यावर अर्धा तास बोलले असतील, तेही इतिहास म्हणून. कामावर एक म्हातारे गवंडी होते. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितले, "सायेब, पाणी आत शिरतं त्ये शिरू द्या. भायेर यायला वाट ठिवा." मी मान डोलावली आणि सगळे सांधे एकास तीनच्या सिमेंटने बंद करून घेतले. काम देखणे झाले. काळ्या दगडावर करड्या रेघा, जणू वहीत आखलेल्या. बिल निघाले, बदली झाली.

सहा-सात वर्षांनी एका लग्नासाठी त्या गावी गेलो, तेव्हा घाटावर उतरलो. सिमेंट जसेच्या तसे होते आणि दगड फुटले होते. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचे टवके उडाले होते, त्यामुळे रेघा दगडापेक्षा वर आलेल्या, म्हाताऱ्या हातावरच्या शिरांसारख्या. खालच्या टप्प्यातल्या भिंतीला मध्येच पोट आले होते. मी त्या भिंतीवर हात ठेवला तर खपली हातात आली, पाठीमागे पांढरा लोणा. ज्या घाटाला त्याच्या बांधणाऱ्यांनी दोनशे पावसाळे पुरेल असे बांधले, तो माझ्या दुरुस्तीनंतर सात पावसाळ्यांत असा झाला होता.

म्हणून हे पत्र. दुसऱ्याला शिकवायचा अधिकार मला नसेल, पण स्वतःची चूक सांगायचा आहे.

आधी काय घडते ते सांगतो, कारण 'चुनाच का' असे विचारले की बहुतेक जण 'जुने ते सोने' असे काहीतरी उत्तर देतात आणि समोरचा इंजिनिअर हसतो. घाट म्हणजे नुसत्या पायऱ्या नाहीत. पायऱ्यांच्या मागे दगडगोटे, चुना आणि मातीचा भराव असतो, त्याच्यामागे काठ. पूर चढला की हा सगळा भराव पाणी पितो. पूर उतरला की नदी खाली जाते, पण भरावातले पाणी आतच राहते आणि बाहेर ढकलत सुटते. जुन्या बांधकामात ते चुन्याच्या सांध्यांतून हळूहळू पाझरून जाई. सांधा झिजे, दगड शाबूत राही. झिजलेला सांधा दर दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा भरायचा, एवढीच देखभाल. सिमेंट मात्र पाणी अडवते. मग पाणी दगडाच्या अंगातून वाट काढते, बाहेर येताना क्षार आणते, ते क्षार पृष्ठभागाखाली धरतात आणि फुगून दगडाचे पापुद्रे काढतात. आणि जिथे पाण्याला कुठूनच वाट नाही तिथे ते अख्खी भिंत पुढे लोटते. चुना दगडापेक्षा मऊ असतो, हा त्याचा दोष नाही, ते त्याचे काम आहे.

त्यात आता एक नवी गोष्ट मिसळली आहे. वाईच्या वर धोमचे धरण आहे, त्याच्या वर बलकवडीचे. तिकडे कोयनेवर कोयना. पूर्वी पूर चढायलाही वेळ लागे आणि उतरायलाही. आता दरवाजे उघडले की पातळी चढते, मिटले की झपकन खाली येते. पाणी जितके वेगाने उतरेल तितका मागच्या भरावाचा धक्का मोठा. म्हणजे आज या घाटांना पाझरायची गरज पेशवाईपेक्षा जास्त आहे, आणि नेमके आजच आपण त्यांचे सांधे बंद करत आहोत.

ज्यांनी हे बांधले त्यांना नदी किती कळली होती हे पाहायचे असेल तर लांब जायला नको. वाईला ढोल्या गणपतीचे दर्शन घ्या आणि मग देवळाच्या मागे जा. मागे सहसा कोणी जात नाही. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ 1762 मध्ये घाटाच्या अगदी कडेला बांधले. पूर आला तर पहिला धक्का यालाच बसणार हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी देवळाची मागची भिंत सरळ ठेवली नाही. ती माशाच्या तोंडासारखी निमुळती काढली, धार प्रवाहाकडे. येणारा लोंढा त्या धारेवर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. पुलाच्या खांबाला आम्ही जो आकार देतो तोच हा, फक्त इथे खांबाच्या जागी गजाननाचा गाभारा आहे. लोक ती अजस्र मूर्ती पाहून 'ढोल्या' म्हणतात आणि परत फिरतात. खरी कमाल तिच्या पाठीशी आहे. माझ्या मते वाईचा सगळ्यात मोठा इंजिनिअरिंगचा धडा त्या भिंतीत आहे, आणि तिच्याकडे कोणी मोबाइल रोखलेला मी पाहिलेला नाही.

वाईला सात घाट. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. प्रत्येक आळीचा आपला कृष्णाबाईचा उत्सव, माघापासून पुढे ओळीने चालणारा. अफझलखानाचे संकट टळावे म्हणून केलेल्या नवसातून तो सुरू झाला, असे वाईकर सांगतात. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. उत्सवाच्या आधी आपापला घाट झाडणे, गाळ काढणे, हललेला दगड बसवणे हे आळीचे काम असायचे. पावसाळा उलटलेला, पाणी उतरलेले, ऊन अजून कडक झालेले नाही. दुरुस्तीला वर्षातला याहून चांगला काळ नाही. धर्माच्या नावाने का होईना, देखभालीचे वेळापत्रक ठरून गेले होते. आता मांडव घालायला लोक येतात, गाळ काढायला जेसीबी येतो. जेसीबीच्या दातांनी पायऱ्यांच्या कडा किती उडवल्या आहेत ते बसून मोजा. अपवाद आहेत. वाईतच स्वखुशीने पात्रात उतरून कचरा काढणारी मंडळी आहेत, त्यांना माझा दंडवत.

वाईपासून जवळच मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. सिनेमावाल्यांनी हा घाट देशभर नेला, त्यामुळे तो माहीत नाही असा माणूस विरळा. तिथे एका लहानशा दगडी घुमटीत घंटा टांगलेली आहे, तिच्यावर मेरीची आकृती आणि 1707 हे साल. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यातली ही एक. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास सांगतात. चर्चची घंटा, मेणेश्वर महादेवाच्या अंगणात, कृष्णेच्या काठी. एवढी गुंतागुंतीची गोष्ट एका नजरेत दिसणारी जागा मला तरी दुसरी माहीत नाही. आता विचार करा, उद्या कोणी उत्साहाने तिला सोनेरी ऑइलपेंट मारला तर? हसू नका. कृष्णाकाठी दीपमाळांना पिवळा, नंदीला पांढरा आणि द्वारपालांना गुलाबी रंग मी स्वतः पाहिला आहे. तेलाचा रंग म्हणजे दगडाला घातलेली प्लास्टिकची पिशवी. आत ओल, बाहेर चकाकी. दोन वर्षांनी पोपडे निघतात, मग त्यावर आणखी एक हात.

धोमच्या देवळातला नंदी मात्र अजून आपल्या जागी मजेत आहे. कमळाच्या आकाराचे दगडी कुंड, मधोमध कासव, कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी भरले की कासव पोहू लागते. ज्याने हे कल्पिले त्याला विनोदबुद्धीही होती, असे मला नेहमी वाटते. पण कुंडात पाणी असले तरच ना. अशा कुंडात पाणी टिकते ते तळाच्या चुन्यामुळे, आणि तो चुना सुरखी घातलेला, म्हणजे विटेची भुकटी घातलेला, पाण्याखाली घट्ट होणारा असतो. आपल्या पूर्वजांना नुसता चुना ठाऊक नव्हता, कुठला चुना कुठे ते ठाऊक होते.

साताऱ्याच्या अलीकडे लिंबला बारामोटेची विहीर आहे. शाहू महाराजांच्या घरच्या विरूबाई भोसल्यांनी ती बांधवली. काम शके 1641 ते 1646, म्हणजे 1719 ते 1724 असे चालल्याचे आतला शिलालेख सांगतो. खोली 110 फूट, व्यास 50 फूट, आत चक्क महाल. भर उन्हात आत उतरलात की अंगावर शहारा येतो इतका गारवा. नावात बारा मोटा असल्या तरी वर पंधरा मोटांची सोय आहे. विहीर नदीत नाही, पण मी ती इथे आणतो एवढ्यासाठी की तिचे दगड तीनशे वर्षे पाण्यात आहेत आणि अजून सांध्यांतून पाणी येते-जाते. ज्याला 'चुना टिकत नाही' असे वाटते त्याने लिंबला जाऊन यावे. पाण्यात बाटल्या टाकू नयेत एवढी विनंती.

आता माहुली. हे लिहिताना हात जड होतो.

साताऱ्याच्या पूर्वेला कृष्णेला वेण्णा मिळते. एका काठी संगम माहुली, दुसऱ्या काठी क्षेत्र माहुली. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी 1735 च्या सुमारास बांधलेले विश्वेश्वराचे देऊळ इकडे, रामेश्वर तिकडे, दोन्हीकडे घाट. न्यायाधीश म्हणून ज्यांचे नाव आजही लोक घेतात ते रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे. 1817 च्या उन्हाळ्यानंतर दुसरा बाजीराव आणि सर जॉन माल्कम यांची भेट झाली ती इथेच, आणि त्यानंतर काही महिन्यांतच पेशवाईचे शेवटचे युद्ध पेटले. छत्रपती शाहू महाराज 15 डिसेंबर 1749 ला गेले, त्यांची समाधी इथे. महाराणी ताराबाईंची समाधी इथे. इतकेच काय, शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधीही इथे आहे, वाघापासून त्याने महाराजांना वाचवले असे सांगतात. एका संगमावर मराठ्यांचे पाऊणशे वर्षांचे राजकारण पुरलेले आहे.

आणि पुरलेले हा शब्द मी अलंकारासाठी वापरत नाही. नदी दर पुराला इथे वाळू आणि गाळ टाकून जाते. काढला नाही तर समाध्या गाळात बुडतात, वर घाणेरी माजते, आणि पुढच्या पिढीला ही जागा कोणाची हे विचारावे लागते. महाराजांच्या समाधीची पिंड मी एका वर्षी गाळात अर्धी बुडालेली पाहिली, शेजारी दशक्रियेच्या पत्रावळी. पुढच्या वर्षी कोणीतरी साफ केलेली होती, तीही ओळखू न येणाऱ्या चकचकीत टाइल्सच्या शेजारी. दुर्लक्ष आणि सुशोभीकरण ही दोन टोके आहेत असे आपण समजतो. माहुलीत मला ती सख्खी भावंडे वाटली. दोन्हींत मूळ दगडाकडे कोणी पाहत नाही.

दशक्रियेवरून आठवले. माहुली, कऱ्हाड, नरसोबाची वाडी, हरिपूर, ही सगळी नदीसंगमाची गावे, तिथे लोक आपली माणसे पोचवायला येतात. त्यांना तिथे सावली, पाणी, कपडे बदलायला आडोसा हवाच. बायकांना तर हवाच हवा. 'जुने तेच ठेवा' म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे विसरू नये. पण आडोसा घाटाच्या पायरीवर काँक्रीट ओतून करायची गरज नाही. पुराच्या रेषेच्या वर, घाटापासून पाच-पन्नास पावलांवर बांधा. पुराच्या रेषेखाली जे बांधाल ते नदी तोडेल आणि जाताना शेजारचे जुनेही घेऊन जाईल. स्टीलचे कठडे लावायचेच असतील तर पावसाळ्याआधी उपसून ठेवता येतील असे लावा. पायरीत ड्रिल मारून खुंट्या ठोकू नका. त्या भोकात साचलेले पाणी आणि गंजून फुगलेला खुंटा, दोघे मिळून चिरा उभा चिरतात.

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि दोघी काटकोनात पूर्वेला वळतात. नद्या सहसा एकमेकींना कुशीतून मिळतात. इथे मात्र उराउरी भेट. म्हणून प्रीतिसंगम. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथे असल्याने त्या जागेकडे सरकारचे लक्ष असते. मी पुढे जातो.

सांगलीला जुने मोजमाप पाहायचे तर आयर्विन पुलाकडे पाहावे. 1929 चा पूल. पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठून देवाच्या आधी या पुलावरची फूटपट्टी विचारतो. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाण्याने 57 फूट ओलांडले आणि अर्धे शहर होड्यांत बसले. जवळच हरिपूरला हळदीची पेवे आहेत, जमिनीखालची. वर तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढे, आत पोट मोठे. हळद वर्षानुवर्षे तिथे राहायची, ना कीड ना बुरशी. 2005 च्या पुराने त्यातली बरीचशी निकामी केली. ती कोणाच्या 'स्मारक' यादीत येत नाहीत. देऊळ नाही, वाडा नाही, कोणा सरदाराचे नाव नाही. नुसते भोक आहे जमिनीत. पण सांगलीच्या हळदीचा बाजार ज्या भोकांवर उभा राहिला, त्यातले एखादे तरी नीट राखून, आत उतरून पाहता येईल असे ठेवावे, असे कोणा विश्वस्ताला, कोणा सरपंचाला वाटेल का?

नरसोबाच्या वाडीला तर पूर हाच सोहळा. पाणी चढत दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते. मग दक्षिणद्वाराचे स्नान करायला लोक धावत येतात. पाणी आणखी वाढले तर उत्सवमूर्ती वर नेतात, पूजा तिथे चालू. पुराला आत यायला एक दार आणि बाहेर जायला एक दार. माझ्या त्या म्हाताऱ्या गवंड्याने दुसरे काय सांगितले होते?

खिद्रापूरचे कोपेश्वर शिलाहारांचे, बाराव्या शतकातले. 48 खांबांचा स्वर्गमंडप आणि वर आकाश दिसणारे गोल छत. 2019 ला खिद्रापूर ज्यात येते त्या शिरोळ तालुक्याचा मोठा भाग पाण्याखाली होता. पाणी उतरले, कोपेश्वर होते तिथे होते. ते केंद्राचे संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे तिथे कोणी मनात आले म्हणून टाइल लावू शकत नाही. 1958 चा केंद्राचा कायदा आणि 2010 ची दुरुस्ती यांप्रमाणे अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या आणखी 200 मीटरपर्यंत परवानगी लागते. राज्याचा 1960 चा कायदा राज्याच्या यादीतल्या स्मारकांना लागू. पण कृष्णेच्या काठचे कितीतरी घाट, समाध्या, पार, दीपमाळा, विहिरी कुठल्याच यादीत नाहीत. म्हणजे त्यांचे रक्षक कायद्याने कोणी नाही. आहात ते तुम्हीच. देवस्थानचा ठराव, ग्रामसभेचा ठराव, 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा निधी, आमदार निधी, यांतल्या एका कागदावर त्यांचे आयुष्य ठरते. म्हणूनच हे पत्र मंत्र्यांना किंवा पुरातत्त्व खात्याला लिहिले नाही. तुम्हाला लिहिले.

मला माहीत आहे तुमचीही अडचण. चुन्याचे काम करणारा माणूस कुठे मिळतो? अंदाजपत्रकात सिमेंटची ओळ चटकन सापडते, चुन्याचे दरपृथक्करण करत बसावे लागते. माझ्या काळात ते करायचा कंटाळा आम्हीच करायचो. पैसा मार्चमध्ये येतो आणि मार्चमध्येच संपवावा लागतो. लोकांना झालेले काम डोळ्यांना दिसायला हवे. सांधा चुन्याने भरला तर गावाला काहीच दिसत नाही, फोटोत तर मुळीच येत नाही. हे सगळे खरे. तरीही.

तरीही एवढे करता येईल. पुढच्या वेळी ठरावात 'सुशोभीकरण' लिहिण्याआधी 'दुरुस्ती' लिहा आणि दुरुस्तीत 'मूळ साहित्याने' हे दोन शब्द टाका. ते दोन शब्द असले की ठेकेदाराला सिमेंट भरून बिल मागणे अवघड जाते. काम दसऱ्यानंतर काढा आणि थंडीत संपवा. चुन्याला उन्हाची घाई चालत नाही, त्याला ओले गोणपाट हवे आणि आठ-पंधरा दिवसांची सबुरी हवी. पिंपळाचे रोप दिसले की वरून कोयत्याने छाटू नका. छाटले की मूळ आत जाडावते. रोप वीतभर असतानाच मुळासकट काढा, आणि मूळ खोल गेले असेल तर तो चिरा उतरवून काढा आणि पुन्हा बसवा. गाळ हाताने काढा, फावड्याने काढा, पाण्याच्या मोटरने धुवा, पण जेसीबी पायऱ्यांवर चढवू नका. आणि काहीही करण्याआधी घाटाचा प्रत्येक टप्पा मोबाइलवर टिपून ठेवा, तारखेसह. गावातला कुठलाही कॉलेजचा पोरगा हे एका दुपारी करून देईल. दहा वर्षांनी ते फोटो तुमच्या घाटाचे आधारकार्ड ठरतील.

तो म्हातारा गवंडी आता नाही. त्यांनी मला नंतर शिकवले ते सांगतो. चुनकळी, म्हणजे भट्टीत भाजलेला चुनखडा, पाण्यात सोडायची, ती उकळते, वाफ निघते, मग शांत होते. मग ती पाण्याखाली ठेवून मुरवायची. जितकी मुरेल तितकी चांगली. एक महिना म्हणजे नुसती सुरुवात. मग चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाक फिरणाऱ्या गोल चरात, वाळू किंवा सुरखी घालून बैलाच्या जोडीने मळायची, मळता मळता गुळाचे पाणी, हिरड्याचे पाणी. तयार झालेला गोळा थापीवर घेऊन उलटा केला तरी पडता कामा नये. हे शिकायला मी त्यांच्याकडे निवृत्त झाल्यावर गेलो. ते हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "यळ लावला तुमी."

घाणी आता मिळत नाही, मी लहान मिक्सरवर भागवतो. माझ्या घरामागे दोन पिंपांत मुरवलेला चुना आहे, वरती चार बोटे पाणी ठेवलेला. येत्या दिवाळीला तीन वर्षे होतील. लोण्यासारखा झाला आहे. तुमच्यापैकी ज्या गावाला आपल्या घाटाचा एक टप्पा, अगदी पाच पायऱ्या, करून पाहायच्या असतील त्यांनी तो घेऊन जावा. टेम्पो तुमचा, चुना माझा. सोबत मीही येईन, आणि गावातल्या दोन तरुण गवंड्यांना माझ्याबरोबर बसवा, एवढीच अट. पहिला टप्पा त्याच घाटाचा करायची माझी इच्छा आहे, जिथे मी सिमेंट भरले होते. तिथल्या सरपंचांना हे पत्र वाचून ते गाव आपलेच हे कळेल. त्यांनी कळवावे.

आपला,
कृष्णाकाठचा एक निवृत्त कनिष्ठ अभियंता